स्त्रीलिंगी भालू

जबलपूरला जाऊन आलो असे सांगितले की लोक संगमरवराच्या कड्यांविषयी विचारतात. ते मी पाहिले नाहीत. धबधबाही पाहिला नाही. तीन आठवडे त्या शहरात होतो. त्यांतील नऊ दिवस इस्पितळाच्या बाकावर गेले. प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असलेल्यांनी हा लेख येथेच सोडावा.

मी कऱ्हाडचा. चौतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि शिक्षक कमी पडत तेव्हा मराठी व्याकरणही शिकवले. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. दोन्ही विषय मला चांगले येतात अशी माझी समजूत होती.

माझी धाकटी बहीण यमुना पंधराव्या वर्षी लग्न होऊन जबलपूरला गेली. मेहुणे सरकारी कचेरीत होते. त्या काळी त्या प्रांताचा कारभार नागपुरातून चाले आणि कचेरीत मराठी माणसे बरीच असत. पुढे राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर इकडे आले, जबलपूर तिकडे राहिले. मेहुण्यांच्या बरोबरीच्या बहुतेकांनी नागपूरची वाट धरली. मेहुणे म्हणाले, "सीमा हलली, मी काहून हलू?" आणि तेथेच राहिले. गेल्या वर्षी ते वारले. मुलगा भोपाळला नोकरीस असतो. यमू घरात एकटी. तिला कायमची कऱ्हाडला आणावी यासाठी मी गेलो. परतीची तिकिटे दोन काढायची, हे घर सोडतानाच ठरवले होते.

गोरखपूर

गोरखपूर हा जबलपूरचा गजबजलेला भाग. यमूचे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीत तुळस. टांगा थांबला तेव्हा ती दारातच उभी होती.

"काहून रे दादा, किती वाळला! चलो, हात-पाय धू. मी पोहे करून राहिली."

इतक्या बोलण्यात मला तीन दोष आढळले. मी ते सांगितले. ती हसली.

"आला नाही तर शाळा सुरू! अच्छा मास्तर, चहा तर घे आधी."

तेथे पोह्यांबरोबर जिलबी खातात. आमच्याकडे जिलबी पंगतीची, तेथे न्याहारीची. शिवाय ताटात आली ती काळी होती. जळली असे समजून मी ती बाजूला सारली. "जळली नाही, खव्याची आहे," असे यमू म्हणाली. मी चार खाल्ल्या.

दोन दिवस मी तिची भाषा ऐकत होतो. भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, माझ्याशी मराठी. पण त्या मराठीच्या पोटात अर्धे हिंदी. शब्दांची लिंगे तिच्या तोंडी वाटेल तशी फिरत. आईने जिला परवचा म्हणायला शिकवले तीच ही मुलगी काय, असे मनात येई. प्रत्येक वेळी मी दुरुस्त करी आणि प्रत्येक वेळी ती "अच्छा" म्हणे.

तिसरा दिवस रविवार होता. दहाच्या सुमारास कढोरी नावाचा एक नावाडी दाराशी आला आणि पळसाच्या पानांत गुंडाळलेला मासा देऊन गेला. शेजारचा जिन्नस चुकून इकडे आला, असे मला वाटले. यमूने तो हाती घेतला, ओसरीच्या टोकाला वेगळी शेगडी पेटवली आणि विळी घेऊन बसली.

आमच्या घराण्यात मासा शिरलेला नाही. मी खुर्चीवरून उठलो.

"हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मेहुणे खात होते?"

"ते खात. मी नाही. इतकी वर्षं रांधला, चाखला नाही. मीठ बरोबर आहे का, तेसुद्धा त्यांनाच विचारायची. ते गेले, अन् रविवारी कढोरी आपला आला मासा घेऊन. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काय करू? घेतला. रांधला. मग रांधलेलं टाकायचं कसं?"

नवरा गेल्यावर बायका काही गोष्टी सोडतात हे मी पाहिले होते. धरतात हे प्रथमच पाहत होतो.

"यमू, लोक काय म्हणतील?"

"लोक वास येऊन राहिला म्हणतात अन् वाटी पाठवतात." ती विळीवरून मान वर न करता बोलली. "दादा, तूच मला शाळेचं पुस्तक धाडलं होतं, तुझ्या शिकवणीतलं. त्यात तीन रकाने होते. गवत खाणारे, मांस खाणारे आणि दोन्ही खाणारे. माणूस कोणत्या रकान्यात होता रे?"

"तिसऱ्या. मिश्राहारी."

"आणखी कोण होतं तिथे?"

"डुक्कर..."

"बस. डुकराच्या पंगतीत बसवलं न? मग खाऊ दे."

यादीत पुढे अस्वल, कोल्हा आणि कावळा होते. अस्वल आणि कोल्हा तर एकाच ओळीत छापलेले होते. ती यादी तिने मला पुरी करू दिली असती, तर पुढचे कदाचित टळले असते.

त्या दिवशी मी तिच्या घरी जेवलो नाही. दोन्ही वेळा बाजारात जिलबी खाल्ली. संध्याकाळी डोके दुखू लागले. यमूने न विचारता सुंठीचा लेप आणून दिला. लेप लावता लावता मी विषय काढला.

"तू माझ्याबरोबर कऱ्हाडला चल. कायमची."

"तिथे रविवारी मासा मिळेल?"

"नाही."

"अच्छा." तिने लेपाची वाटी उचलली. "आधी महुआ वेचून येऊ दे. दर चैत्रात जाते मी. यंदाचा महुआ वेचून झाला की सांगते, येते की नाही."

मोहाच्या फुलांची दारू गाळतात एवढे मला ठाऊक होते. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "लाडू करते रे! भाजून, तिळाबरोबर कुटून. माझ्याकडे काय असं पाहून राहिला?"

ग्वारीघाट

मेहुण्यांनी नर्मदेच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीचा एक लहान तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर मोहाची दोन झाडे आणि एका खोलीचे घर आहे. ग्वारीघाटावरून नावेने पलीकडे जायचे आणि पुढे दीड कोस चालायचे. नाव कढोरीचीच होती. मासेवाल्याच्या नावेत बसण्याचा प्रसंग माझ्यावर यावा, याची नोंद करून मी बसलो.

घाटावर सकाळीच गर्दी होती. पंडे संकल्प सांगत होते, फुलवाल्या द्रोण विकत होत्या, लोक कणकेच्या गोळ्या करून पाण्यात टाकत होते. पाण्यात प्रथम मासे उसळले आणि मग तव्याएवढी एक काळी पाठ वर आली. कासव. त्याने कणीक खाल्ली, झेंडूचे फूल खाल्ले, नारळाचा तुकडा ओढून नेला. मऊ पाठीची कासवे मिश्राहारी असतात, असे मी यमूला सांगितले. तिने ते हिंदीत कढोरीला सांगितले.

"हओ मास्साब," कढोरी म्हणाला. तेथे होकाराला 'हओ' म्हणतात आणि मास्तराला 'मास्साब'. "कछुआ सब खात है। फूल, आटा, नारियल। और जो माई में बह के आए, वो भी।"

"म्हणजे काय वाहून येते?" मी विचारले.

कढोरीने वल्हे थांबवून काठावरच्या चितांकडे बोट दाखवले. अर्धवट जळालेले. लाकूड पुरत नाही तेव्हा.

मी हात पाण्यात सोडला होता. तो वर काढला.

"हम तो कहत हैं, कछुआ भी पंडा है," कढोरी म्हणाला. "जो चढ़े, सो खाए। पूछत नइयां।"

यमू तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आले नाही. चौतीस वर्षे मी 'मिश्राहारी' हा शब्द फळ्यावर लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि दातांची आकृती काढली. त्या शब्दात हेही येते, हे मला तोवर दिसले नव्हते. पुढचा प्रवास मी पाण्याकडे न पाहता केला.

पलीकडचा तीर

वाट पळसांतून जाते. पळस फुलून संपत आले होते. वाटेत यमू माझ्यापुढे चालत होती. साठीला आलेली बाई दीड कोसात एकदाही आपणहून थांबली नाही. मी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा तिने थांबण्याचे कारण आपल्या चपलेला लावले.

जमिनीची राखण सुखिया नावाची गोंड बाई करते. वय यमूएवढे, हातभर गोंदण, बोलणे मोजके. मोहाची निम्मी फुले तिची. दोघी वीस वर्षे एकत्र वेचतात. मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि पहिले वाक्य बोलली ते असे:

"मास्साब, भुनसारे अकेले मत निकरियो। भालू आत है।"

'भुनसारे' म्हणजे पहाटे, असे यमूने मला सांगितले. 'भालू' तिने सांगितला नाही. मीही विचारला नाही, कारण तो शब्द मला माहीत होता.

आमच्या भागात भालू म्हणजे कोल्ही. म्हातारी, कळपातून सुटून एकटी फिरणारी. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला ओढ्याकडून तिचे रडणे ऐकू आले की आई दार लावून घेई. भालू ओरडणे अशुभ. यमू तेव्हा चार वर्षांची होती. ती माझा हात दोन्ही हातांनी धरून ठेवी. या परमुलखात, एका गोंड बाईच्या तोंडून आईचा शब्द ऐकून मला बरे वाटले. ते मी बोललो नाही. बोललो असतो तर बरे झाले असते.

"परवा पण आला होता, सुखिया सांगून राहिली," यमू म्हणाली. "भालू. पार या चुलीपर्यंत."

"आली होती," मी म्हणालो.

"काय?"

"भालू आली होती. आला नव्हे."

यमू माझ्याकडे पाहत राहिली. मग सुखियेकडे वळून म्हणाली, "देखा? बिना देखे समझ गए।"

माझे हिंदी रेल्वेच्या पाट्यांपुरते. वाक्यात कौतुक आहे एवढे कळले. एका दुरुस्तीला मिळालेले एवढे कौतुक मला सुखावून गेले, हेही नमूद करतो.

दिवस मावळण्यापूर्वी मी झाडांभोवती फिरून आलो. एका ठिकाणी विष्ठा होती. काडीने उकरून पाहिले: बोरांच्या बिया, किड्यांची कवचे. ढीग मोठा होता. कोल्हे रोज एकाच जागी येतात, म्हणून तो साठला असावा, असे मी ठरवले. पाहण्यापूर्वीच उत्तर ठरलेले असले की पुराव्याला फारसे काम उरत नाही. मुलांना मी याच गोष्टीसाठी छड्या मारल्या आहेत.

जेवताना मी यमूला विचारले, "काय काय खाते ती?"

"सगळं. महुआ, बेर, दीमक, मध. मेलेलं ढोर सापडलं तर तेही."

दीमक म्हणजे वाळवी. वर्णन चोख जुळले. कोल्हा काकडीला राजी, ही आपली म्हण उगाच नाही. मग मी त्या दोघींना थोडे समजावून सांगितले. मिश्राहारी प्राण्याला माणसाशी वैर धरण्याचे कारण नसते. ज्याला सर्व काही चालते, त्याला कशासाठीच झुंजावे लागत नाही. काठी आपटली की तो पळतो. यमूने प्रत्येक वाक्य सुखियेला हिंदीत सांगितले. सांगताना तिचा आवाज वर्गातल्या हुशार मुलीसारखा झाला होता. सुखियेने सर्व ऐकून घेतले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली:

"किताब वाले भालू होंगे।"

यमू तिला रागावली, तीही रागात मराठीत. "माझा दादा आहे तो. चाळीस वर्षं हेच शिकवलं त्याने."

चाळीस नव्हे, चौतीस. मी तेही दुरुस्त केले.

मोहाखाली

मोहाची फुले पहाटे गळतात. उजाडल्यावर गावची गुरे येतात आणि खाऊन जातात. तरीही सुखियेचा नियम असा की ऊन जमिनीला लागल्यावर, डबा वाजवत, बोलत बोलत झाडाखाली जायचे. मला तो आळस वाटला. पूर्वेला पांढरे होताच मी काठी घेऊन उठलो. सुखिया चूल फुंकत होती. यमू टोपली घेऊन दाराशी आली आणि तेथेच थांबली.

"ऊन तर येऊ दे, दादा."

"भालूला काय भ्यायचे? काठी आपटली की पळेल ती."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग टोपली काखेत घेऊन माझ्यामागून आली.

झाड शंभर पावलांवर होते. वास आधी आला. गोड आणि शिळा. खालची जमीन पाने जाळून स्वच्छ केलेली होती, तिच्यावर पिवळसर फुलांचा सडा पडला होता. बुंध्याशी कोणाची तरी घोंगडी पडलेली दिसली. सुखिया विसरली असेल, असे मी मनाशी म्हणालो आणि ती उचलायला पुढे गेलो. दहा पावलांवरून मला सुस्काऱ्यासारखा आवाज ऐकू आला. घोंगडी फुले ओढून खात होती.

मी काठी आपटली.

ते मागच्या पायांवर उभे राहिले. माझ्याएवढे उंच. छातीवर पांढरा पट्टा, तोंडातून गळणारी फुले आणि पुढच्या पंजांची नखे, पांढरी, बोटाएवढी लांब. ती नखे मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. नेहमी लहान काढली.

"अस्वल!" मी ओरडलो. "यमू, अस्वल! अस्वल!"

मी जागचा हललो नाही. हे लिहिणे मला प्राप्त आहे.

यमू सहा पावले मागे होती. ती पळाली नाही, ओरडली नाही. क्षणभर नुसती उभी राहिली, जणू मी काय म्हणतो ते ऐकू आले नव्हते. मग ती पुढे आली. मागे नव्हे, पुढे. डाव्या हाताने तिने माझा सदरा धरून ओढले आणि उजव्या हाताने टोपली त्याच्या तोंडावर लोटली. पंजा टोपलीवर आला, टोपलीतून हातावर.

सुखिया एका हातात जळते लाकूड आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा घेऊन, डबा झाडांच्या बुंध्यांवर बडवत धावत आली. अस्वल चार पायांवर झाले आणि झुडपांत गेले. घाईने गेले नाही.

सुखियेने आपले लुगडे फाडून यमूचा हात बांधला. मला ती एक शब्दही बोलली नाही. गावातल्या चौघांनी यमूला खाटेवरून नदीपर्यंत नेले. काठावर कढोरी होता. त्याने खाट पाहिली, मला पाहिले आणि नाव लोटली. त्या वेळी त्याने कासवाची गोष्ट काढली नाही.

इस्पितळ

टांग्यातून इस्पितळात पोहोचेतो ऊन चढले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फडके सोडले आणि विचारले, "भालू?"

"हओ, भालू," कढोरी म्हणाला.

मी मध्ये बोललो. माझ्या हिंदीत मी त्यांना सांगितले की भालू नव्हे, भालू येणार अशी आमची समजूत होती, पण आले अस्वल.

"क्या आया?"

"अस्वल. काला. बड़ा. ऋक्ष."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "वही तो। भालू।"

संस्कृतात भल्लूक हा शब्द आहे. तो मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. भल्लूकाचा भालू होतो हे कोणाही पोराला सुचले असते. सुखियेने सांगितले ते अस्वल. चुलीपर्यंत आले ते अस्वल. यमूने 'आला' म्हटले ते बरोबर म्हटले. तिचा भालू पुल्लिंगीच होता. मी त्याला स्त्रीलिंगी केले आणि तिला त्याच्यापुढे घेऊन गेलो.

"आप साथ में थे?" डॉक्टर विचारत होते. "भुनसारे महुए के नीचे कौन ले गया इनको?"

"मी," मी मराठीत म्हणालो. तेवढे त्यांना कळले.

कोपरापासून मनगटापर्यंत टाके घातले. यमूने दात आवळले, पण रडली नाही. पुढे ताप चढला. हात काढावा लागेल की राहील, हे चार दिवस कोणी सांगेना. ते चार दिवस मी बाकावर बसून होतो. समोरच्या भिंतीवर एक पाल पतंग खात होती. तिच्याकडे पाहून मी तिचा रकाना ठरवला नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. हात राहील असे डॉक्टरांनी सांगितले. दोन बोटे मात्र मिटणार नाहीत. मी यमूच्या खाटेशी गेलो आणि तिला सर्व सांगितले. आमचा भालू, तिचा भालू. सांगायला दोन मिनिटे लागली.

ती छताकडे पाहत होती. "म्हणून तू 'आली' म्हणत होता?"

"हो."

"अन् मला वाटलं, तू वाटेतले माग पाहून ओळखलं की मादी आहे. मी सुखियेला म्हटलं, बघ, न पाहता समजला. म्हणून तर आली मी तुझ्यामागे. म्हटलं, दादाला इतकं कळतं, तर पळेल म्हणतो म्हणजे पळेलच."

मी तिची चादर सारखी केली.

"अन् तू तिथे अस्वल, अस्वल ओरडला. मला कळलंच नाही रे आधी. ऐकलाच नव्हता तो शब्द इतक्या वर्षांत. उभी राहिली मी. मग आठवलं, पुस्तकात होतं." तिने मान माझ्याकडे वळवली. "पण दादा, भालू म्हणजे कोल्ही? आपल्याकडे?"

"आई दार लावून घेत असे ती. ओढ्याकडची. तू माझा हात धरून ठेवायचीस."

ती बराच वेळ आठवत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते की तिला काही सापडत नाही. मग सापडले.

"अगं बाई," ती म्हणाली. "आईची भालू. मी विसरली रे. पार विसरली."

टाके घालताना जी रडली नव्हती ती तेव्हा रडली. मी तिचा डावा हात धरून बसलो. यापेक्षा अधिक सांगण्यासारखे काही घडले नाही.

पुन्हा गोरखपूर

आम्ही घरी आलो त्याला चार दिवस झाले आणि रविवार आला. दहा वाजता कढोरी पळसाच्या पानांत मासा घेऊन दाराशी उभा राहिला. यमूने आपल्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "आज नको कढोरी भैया। रहने दो।"

मी उठलो आणि तो घेतला.

"दादा, काय करून राहिला?"

"सांग, कसा कापतात."

"तुला नाही जमायचं."

"सांग."

ती खुर्चीवर बसून सांगत गेली आणि मी विळीवर बसून करत गेलो. खवले उलट्या दिशेने काढायचे. पोट फाडायचे. चाळीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत बेडूक फाडला होता. हात तो विसरला नव्हता. यमू दोनदा मला "अरे, तसं नाही!" म्हणाली आणि एकदा हसली. मोहरी वाटून लावायची असते. मीठ किती, हे मी विचारले नाही. तिलाच चाखायला लावले. मासा मी खाल्ला नाही. पण त्याच शेगडीवर माझा भात शिजवला आणि तो खाल्ला.

दुपारी सुखिया आली. डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली होती. यमूचा निम्मा वाटा. तिने माझ्याकडे पाहिले, मग ओसरीवर पडलेल्या खवल्यांकडे पाहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाणी मागितले. मी आणून दिले.

सुखिया गेल्यावर मी यमूला म्हणालो, "महुआ झाला. तू सांगणार होतीस."

"मी कुठे वेचला? सुखियेने वेचला. यंदाचा माझा राहिलाच." ती टोपलीतली फुले डाव्या हाताने वर-खाली करत होती. "पुढच्या चैत्रात बघू."

मी पुन्हा विचारले नाही. तिकीट एकच काढले.

ती स्टेशनवर आली होती. नको म्हटले तरी आली. मोहाच्या लाडवांचा डबा तिने खिडकीतून आत दिला. कुटण्याचे काम मीच केले होते, त्यामुळे त्यात मोठे तुकडे राहिले होते. गाडी सुटायला दोन-तीन मिनिटे असतील. यमू खिडकीच्या गजाला धरून उभी होती. न मिटणारी दोन बोटे गजापासून दूर, सरळ राहिली होती.

"पोचल्याचं पत्र टाक."

"टाकतो."

"चुका काढू नको माझ्या उत्तरातल्या."

शिट्टी झाली. गाडी हलली तशी ती दोन पावले बरोबर चालली आणि तिच्या डोळ्यांत ते आले, जे लहानपणी मला चिडवताना येई.

"दादा, सांगून जा ना. भालू आला, की आली?"

"आला," मी म्हणालो.